सहीचा तोतया

पानिपतावर मराठ्यांचं नेमकं कुठे चुकलं, याबद्दल प्रत्येक मराठी माणसाचं स्वतःचं एक पक्कं मत असतं. कुणी यात्रेकरूंच्या लटांबराला दोष देतो, कुणी मल्हाररावांना, कुणी सूरजमल जाटाचं न ऐकणाऱ्यांना. आमचंही एक मत आहे, आणि ते कारकुनी आहे. लढाई 14 जानेवारी 1761 रोजी संध्याकाळपर्यंत आटोपली. तिची ओळख-पडताळणी मात्र पुढे पंधरा वर्षं चालली, आणि त्या भागाकडे कादंबरीकारांनी म्हणावं तसं लक्ष दिलेलं नाही.

मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ पडले, पण पडले याची खात्री पुण्यात सगळ्यांना पटेना. मग एक इसम उगवला. म्हणाला, मीच भाऊ. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत चौकशी झाली, गृहस्थ सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण निघाला आणि कैदेत पडला. प्रकरण तिथे मिटायला हवं होतं. पण 1776 मध्ये रत्नागिरीच्या किल्लेदारानेच त्याला बाहेर काढलं, कोकणातले किल्ले एकामागून एक त्याला मुजरे करू लागले आणि फौज जमली. शेवटी तो पकडला गेला आणि डिसेंबर 1776 मध्ये त्याला देहान्त शासन झालं. तेव्हा पुण्याचा कारभार बघत होते नाना फडणवीस, म्हणजे स्वतः पानिपतावरून जीव वाचवून आलेले गृहस्थ. इतका जवळचा साक्षीदार गादीपाशी बसलेला असूनही कोकणात लोक तोतयाच्या मागे गेले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई तर 1783 मध्ये वारल्या त्या सवाष्ण म्हणूनच. त्यांच्या कुंकवाची थट्टा आम्ही करणार नाही. किल्लेदाराची करू.

गंमत अशी की कागदाच्या बाबतीत हेच लोक कमालीचे सावध होते. पत्राच्या माथ्यावर मुद्रा, आणि मजकूर संपला की तिथे मोर्तब, म्हणजे मागाहून कुणी हळूच एक ओळ घुसडू नये. माणूस ओळखता येत नव्हता, पण कागद ओळखता येत होता. आपण याच्या बरोबर उलटी प्रगती केली. आज माणसाचा अंगठा, बुबुळ आणि चेहरा सगळं तपासून घेतात. कागद खरा की खोटा हे मात्र शिक्क्याच्या शाईवरून ठरतं.

आमचे धाकटे मेव्हणे मूळचे सोलापूरचे, नोकरीला पानिपतात. एका ब्लँकेटच्या कारखान्याचे हिशेब बघतात. जगाने टाकून दिलेले स्वेटर या गावात गाठींनी येतात, त्यांच्या चिंध्या होतात, चिंध्यांचं सूत आणि सुताची ब्लँकेटं. सोलापुरी चादरीच्या नावावर पानिपती माल खपतो, ही सोलापूरकरांची जुनी तक्रार, आणि मेव्हणे या तक्रारीच्या दोन्ही बाजूंना जेवलेले आहेत. तर मेव्हण्यांनी एका कार्यालयाला एक करारपत्र ईमेलने पाठवलं, रीतसर डिजिटल सही करून. तिकडून फोन आला, ‘जी, इस पे तो सवाल का निशान है. प्रिंट निकालो, साइन मारो, मोहर लगाओ, स्कैन करके भेज दो.’

मेव्हण्यांनी प्रिंट काढली. डिजिटल सहीच्या चित्रावर निळ्या पेनाने सही केली, तिच्यावर कंपनीचा गोल शिक्का मारला, स्कॅन केलं, पाठवलं. कार्यालय प्रसन्न झालं. म्हणजे जी फाइल खरी आहे हे गणिताने सिद्ध करता येत होतं, ती नापास, आणि जी शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही तयार करता आली असती, ती पास. कागदावर छापलेली डिजिटल सही म्हणजे भाऊसाहेबांचा पोशाख घातलेला सुखनिधान. पगडी बरोबर, चाल बरोबर, आत माणूस दुसराच.

‘दाजी,’ मेव्हणे फोनवर म्हणाले, ‘इथं चादरीला तोतया चालतो, मग सहीला का चालणार नाही?’

आता त्या प्रश्नचिन्हाविषयी. आधारची पीडीएफ उघडली की दिसणारं ते पिवळं चिन्ह अवघ्या भारताला परिचित आहे, आणि त्याचा अर्थ ‘सही खोटी’ असा होतो यावर अवघ्या भारताचं एकमत आहे. तो तसा होत नाही. सही करताना संगणक सगळ्या मजकुराचा एक छोटा गोषवारा काढतो आणि सही करणाराच्या खासगी किल्लीने त्यावर मोहोर उठवतो. उघडणाराचा संगणक तोच गोषवारा पुन्हा काढून जुळवतो. मधल्या वाटेवर एक स्वल्पविराम जरी हलला, तरी जुळणी फसते. हे झालं मोर्तबाचं काम. दुसरा प्रश्न वेगळा: ही किल्ली त्याच माणसाची, याला जामीन कोण? आपल्याकडे जामिनांची साखळी वर जाऊन दिल्लीतल्या प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकांपाशी संपते. तुमच्या संगणकाला हे नियंत्रक कोण ते कुणी सांगितलेलं नसेल, तर तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणतो, मजकूर बदललेला नाही, पण या जामिनाला मी ओळखत नाही. एवढा प्रामाणिकपणा रत्नागिरीच्या किल्लेदाराने दाखवला असता तर फौज जमली नसती.

ओक्युलर नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. केडीई या मंडळींचं. पीडीएफ बघायला उत्तम, आणि एप्रिल 2021 च्या आवृत्तीपासून डिजिटल सही करायलाही. ते हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवतं: सही गणिताने बरोबर आहे का, आणि प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा का. लिनक्सवर प्रमाणपत्रं ते फायरफॉक्सच्या पेटीतून घेतं. त्या पेटीत दिल्लीचे नियंत्रक मुळात नसतात, म्हणून त्यांचं मूळ प्रमाणपत्र त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवून एकदा आत ठेवावं लागतं. सहीची किल्ली ज्यात असते त्या टोकनचा ड्रायव्हरही तिथेच जोडायचा. मग टूल्समध्ये जाऊन सहीची चौकट आखायची आणि पिन द्यायचा. सही केलेली प्रत वेगळ्या फाइलमध्ये जाते, मूळ कागदाला धक्का नाही. एका दुपारचं काम, तेही चहासकट. याच ओक्युलरला 2022 मध्ये जर्मनीचं ‘ब्लू एंजल’ हे पर्यावरणचिन्ह मिळालं, असं चिन्ह मिळवणारं ते पहिलंच सॉफ्टवेअर. वीज वाचवते म्हणून गौरवलेली ही वस्तू आपल्याकडे आली की तिच्यातून बाहेर पडणाऱ्या फाइलची तीन प्रतींत प्रिंट निघते.

सरकारचा डिजिटल सहीला किंवा मुक्त सॉफ्टवेअरला विरोध आहे असं कुणी समजू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा. त्याच्या पाचव्या कलमाने डिजिटल सही हातच्या सहीच्या पंगतीत बसवली आहे. सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं, असं केंद्राचं धोरण 2015 चं. धोरण आपल्या जागी आहे, आणि पोर्टलच्या मदतपानावरची ‘विंडोज आवश्यक’ ही ओळही आपल्या जागी आहे. दोघांची अजून भेट झालेली नाही.

पण सगळं खापर कार्यालयांवर फोडणं अन्यायाचं होईल. आपण काय करतो ते बघा. दोन-तीन वर्षांच्या मुदतीचं प्रमाणपत्र घेतो, ते बोटभर टोकनमध्ये येतं, आणि ते टोकन आपण थेट सीएच्या ड्रॉवरमध्ये ठेवून येतो. त्या ड्रॉवरमध्ये संचालकांची मांदियाळी असते. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी, चिठ्ठीवर पिन, आणि पिन बहुधा एक ते आठ आकडे ओळीने, कारखान्यातून आला तसा. त्याच कायद्याचं 42 वं कलम सांगतं, खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घ्या. आपली वाजवी काळजी म्हणजे सीए ओळखीचा आहे. उद्या कंपनीने कसलं कर्ज काढलं ते संचालकाला पेपरात वाचून कळलं, तर कोर्टात उभं राहून काय सांगणार? सही खरी आहे, पण ती करणारा मी नव्हे? सुखनिधानाची अडचण निदान सोपी होती. त्याच्याजवळ भाऊंची मुद्रा नव्हती.

मेव्हण्यांनी आता स्वतःचं टोकन ड्रॉवरमधून सोडवून आणलंय आणि फायरफॉक्सच्या पेटीत दिल्लीचे नियंत्रक बसवलेत. त्यांच्या पडद्यावर आता सही खरी दिसते. कार्यालयाच्या पडद्यावर अजून प्रश्नचिन्हच आहे, कारण तिथे पेटी उघडायचा अधिकार कुणाचा, याची फाइल फिरते आहे, छापील. वाचकांनी तेवढी वाट बघू नये. ओक्युलर फुकट मिळतं, आणि टोकनचा पिन बदलायलाही पैसे पडत नाहीत. आजच बदला.