दुसऱ्याच्या कोटींवर चिडावं कसं? नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

आयपीएलचा लिलाव आला की अनेक होतकरू मंडळी संतापायला बसतात. पण पूर्वतयारी नसते. तासाभरात संताप विरतो आणि हीच मंडळी ‘आता कोण आला रे?’ म्हणून पुढची बोली ऐकायला सरसावतात. ही हानी टाळता येते. खालचं मार्गदर्शन अगदी सुरुवातीच्या पातळीचं आहे. सिनेमातल्या ताऱ्यांवर आणि कंपन्यांच्या सीईओंवर पुढे चिडता येईल, आधी क्रिकेटपटूंवर हात बसू द्या.

साहित्य : एक टीव्ही किंवा फोन, त्यात चालू रिचार्ज, चहा, आणि शक्यतो एक काका. काका नसतील तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भागतं.

पायरी पहिली : आकडा नीट ऐका

सरावासाठी २४ नोव्हेंबर २०२४ची बोली उत्तम. ठिकाण सौदीतलं जेद्दा, व्यासपीठावर मल्लिका सागर, हातात हातोडा. श्रेयस अय्यर २६ कोटी ७५ लाखांना पंजाबकडे गेला. आयपीएलच्या इतिहासातली सर्वांत मोठी बोली म्हणून टाळ्या पडल्या, आणि तो विक्रम काही मिनिटंच टिकला. ऋषभ पंतसाठी हैदराबाद आणि लखनौ भिडले, शेवटी २० कोटी ७५ लाखांवर लखनौ उरलं. पंत त्याआधी दिल्लीचा. दिल्लीकडे ‘राइट टू मॅच’ कार्ड होतं, म्हणजे शेवटची बोली जितक्याची तितके पैसे मोजून आपला माणूस परत घ्यायचा हक्क. त्यांनी तो वापरला. नियमाप्रमाणे लखनौला आकडा वाढवायची एक संधी मिळाली, आणि त्यांनी एका दमात २७ कोटी सांगितले. दिल्लीने नको म्हटलं. हातोडा पडला.

नवशिका इथे ‘सत्तावीस कोटी!’ असं ओरडतो आणि दमतो. जाणकार थोडं मागे जाऊन बघतो. २० कोटी ७५ लाखांचा पंत आणि २७ कोटींचा पंत, माणूस तोच. मधल्या वेळात त्याने ना एक चेंडू खेळला, ना यष्टींमागे एक झेल पकडला. वरचे सव्वासहा कोटी दिल्लीला दाराबाहेर ठेवण्यासाठी मोजले गेले. वाशीच्या मार्केटात मोसमातल्या पहिल्या हापूसच्या पेटीचा भाव ज्याने कानाने ऐकलाय, त्याला हे समजावून सांगायला नको. तेव्हा ‘याची एवढी लायकी आहे का?’ हा आपल्या आवडीचा प्रश्न लिलावात कुणी विचारतच नाही. तिथे एकच प्रश्न असतो : समोरचा अजून किती ताणेल?

पायरी दुसरी : भागाकार

संतापाला गणिताची जोड दिली की वजन येतं. पंतने त्या २०२५च्या मोसमात २६९ धावा केल्या. म्हणजे धावेला साधारण दहा लाख. हा आकडा काकांना चहाच्या पहिल्या घोटाबरोबर द्यावा, ठसका हमखास लागतो. त्याच्या आदल्या वर्षी मिचेल स्टार्क २४ कोटी ७५ लाखांचा होता. पहिल्या दोन सामन्यांत त्याने बरोबर १०० धावा दिल्या आणि बळी शून्य. देशभर लोक त्याच्या एकेका चेंडूची किंमत काढत होते. मे महिन्यात त्याच स्टार्कने अंतिम सामन्यात १४ धावांत २ बळी घेतले, कोलकाता विजेता झाला आणि सामनावीरही तोच. म्हणून भागाकार मार्चमध्येच उरकून घ्यावा. उशीर केला की उत्तर बदलण्याचा धोका असतो.

एक खबरदारी. हाच प्रयोग स्वतःच्या पगारावर, प्रत्यक्ष काम केलेल्या तासांनी भागून, अजिबात करू नये.

पायरी तिसरी : पूर्वीचे खेळाडू काढा

हे काम काकांचं. वाक्य ठरलेलं आहे : ‘पूर्वीचे लोक देशासाठी खेळायचे हो, पैशासाठी नाही.’ पुराव्याला तोटा नाही. १९८३ साली लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, तेव्हा क्रिकेट मंडळाकडे बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत विनामोबदला गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून खेळाडूंच्या हातात लाख-लाख रुपये पडले. अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. मुंबईचे निम्मे खेळाडू कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या संघातून टाइम्स शिल्ड खेळायचे आणि मस्टरवर सही करायचे.

त्या मस्टरची जरा दखल घ्या, कारण काका ती घेणार नाहीत. पैसा कमी होता, पण खांदा निखळला तरी पहिल्या तारखेला पगार होता, पुढे प्रॉव्हिडंट फंड होता. आजच्या नव्वद टक्के गल्लीबोळातल्या क्रिकेटपटूंना विचारा, ते त्या नोकरीसाठी आयपीएलची स्वप्नं गहाण टाकतील. (नव्वद हा आकडा माझ्या पदरचा, पण तुम्हीही मैदानावर जाऊन विचारून पाहा.)

पद्माकर शिवलकरांचं नाव मात्र जपून घ्या. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि भारताकडून एकही कसोटी नाही, कारण तो काळ बिशनसिंग बेदींचा होता. त्यांच्याबद्दल ‘बिचारे’ म्हणा, हळहळा, पण ‘त्यांना खूप मिळायला हवं होतं’ असं चुकूनही म्हणू नका. मग चांगल्या खेळाडूला खूप मिळावं, हे तुमच्याच तोंडून निघून जाईल आणि संध्याकाळची सगळी मेहनत पाण्यात.

पायरी चौथी : पैसा येतो कुठून (ऐच्छिक, पचायला जड)

इथे बरेच विद्यार्थी नापास होतात. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. सामने ४१०. म्हणजे एका सामन्याला ११८ कोटी. मोसमात ७४ सामने धरले तर वर्षाला ८,७०० कोटींच्या वर, आणि हे फक्त दाखवण्याचे. प्रायोजकांचे पैसे वेगळे.

आता खेळाडूंची बाजू. २०२५ला दहा संघांना प्रत्येकी १२० कोटींची थैली होती. शिवाय सामन्यागणिक साडेसात लाखांचं मानधन, त्यासाठी दर संघाला १२ कोटी ६० लाख. हे दोन्ही मिळून १,३२६ कोटी. म्हणजे प्रक्षेपणाच्या पैशातलाच हिस्सा काढला तरी खेळाडूंना १५ टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये बास्केटबॉलच्या उत्पन्नातला जवळजवळ निम्मा वाटा खेळाडूंना जातो, कारण तिथे त्यांची संघटना मालकांसमोर टेबलावर बसते. आपल्याकडे २०१९ला खेळाडूंची संघटना झाली, ती निवृत्तांची. चालू खेळाडूंच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. थैलीचं तोंड किती उघडायचं ते मंडळ ठरवतं.

हा हिशेब केला की राग पंतवरून घसरून मालकांच्या आणि मंडळाच्या दिशेने सरकतो. काकांना हे आवडत नाही. मालकांवर चिडण्यात मजा नाही. ते बाद होत नाहीत.

आणखी खाली उतरलात तर रागाला खरी जागा सापडेल. रणजीत नव्या खेळाडूला दिवसाला ४०,००० रुपये मिळतात. सात साखळी सामने, प्रत्येकी चार दिवस, सगळ्यांत अंतिम अकरात असला तर ११ लाख २० हजार. राखीव बसला तर निम्मे. ज्या पोराचा लेगब्रेक नेटमध्ये खेळून खेळून २७ कोटीवाला तयार होतो, त्याची ही कमाई, तीही त्याच्या गुडघ्याने साथ दिली तर. आणि मैदानावरचे माळी? मे २०२४मध्ये आयपीएल संपल्यावर मंडळाने दहा नेहमीच्या मैदानांवरच्या माळी आणि क्युरेटर मंडळींना मैदानामागे २५ लाखांचं बक्षीस जाहीर केलं. चांगलं केलं. पण पावसात कव्हर ओढणाऱ्या एका मैदानावरच्या सगळ्या माणसांना मिळून जेवढं मिळालं, त्याहून पुढच्या लिलावातल्या अगदी नवख्या खेळाडूची किमान बोली पाच लाखांनी जास्त होती. माझा स्वतःचा संताप इथे येऊन थांबतो. पंतचे २७ कोटी मला खुपत नाहीत.

पायरी पाचवी : ‘पण सुखी आहेत का?’

हे अस्त्र राखून ठेवायचं असतं. आकड्यांत हरलात की पंखा वाढवायचा, खुर्चीत मागे रेलायचं आणि म्हणायचं, ‘एवढा पैसा, पण झोप लागते का?’ आधाराला संशोधन आहे, मात्र ते अर्धंच वाचावं. २०१०मध्ये कानेमन आणि डीटन यांनी लिहिलं की वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे रोजचं समाधान वाढत नाही. इथे पुस्तक मिटावं. पुढे वाचलंत तर कळेल की २०२१ला किलिंग्जवर्थने वेगळा निष्कर्ष काढला, आणि २०२३ला कानेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी मिळून कबूल केलं की बहुतेकांचं समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं. थबकतं ते आधीच दुःखी असलेल्या थोड्यांचं. शिवाय या संशोधनातली माणसं अमेरिकेतली साधी कमावती माणसं होती. हातोड्याखाली विकली गेलेली नव्हती.

हातोड्याखालच्या सुखाबद्दल मात्र थोडं दिसतं तेवढं बघता येतं. त्याच जेद्दाच्या लिलावात विरारच्या पृथ्वी शॉसाठी ७५ लाखांवर एकही हात वर गेला नाही. कधीकाळी १९ वर्षांखालच्यांचा विश्वचषक जिंकून आणलेला कर्णधार. आणि पंत? ३० डिसेंबर २०२२च्या पहाटे रुडकीजवळ त्याची गाडी उलटून जळाली होती. तो पुन्हा यष्टींमागे वाकून बसू शकेल की नाही, हीच शंका होती. असा माणूस दोन वर्षांच्या आत परत येऊन २७ कोटी घेतो, आणि मोसमभर धावा होत नाहीत म्हणून देश त्याच्या एकेका धावेची किंमत काढतो. शेवटच्या साखळी सामन्यात त्याने नाबाद ११८ केल्या, मैदानावर कोलांटी मारली, आणि लखनौ तो सामना हरलं. यात सुख किती मोजायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

तुलनेतून कुणाची सुटका आहे असंही नाही. त्या लिलावाआधी मुंबईने हार्दिक आणि सूर्यकुमारला १६ कोटी ३५ लाखांना संघात ठेवलं आणि रोहितला १६ कोटी ३० लाखांना. त्या पाच लाखांवरून आमच्या इमारतीतले काका आठवडाभर तणतणत होते. ‘अन्याय आहे हा! पाच वेळा चषक आणून दिला त्याने!’ आदल्याच आठवड्यात ते कोट्यधीश खेळाडूंवर चिडले होते. असा खंड पडला तरी खचून जाऊ नये. जातिवंत संतापी माणसाला दोन्ही बाजूंनी चिडता आलं पाहिजे.

शेवटची सूचना

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर वरचा सराव त्याच्यासमोर करू नये. पहाटे त्याला शिवाजी पार्कला नेट्ससाठी पाठवायचं असतं. त्याच लिलावात राजस्थानने वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाखांना घेतलं, तेव्हा तो १३ वर्षांचा होता. काकांनी कपाळाला हात लावला. ‘एवढ्याशा पोराला एवढे पैसे? डोकं फिरेल त्याचं!’ मग चहाचा कप खाली ठेवला आणि सुनेला हाक मारली, ‘अगं, आपल्या चिरंजीवांना अजून सहा नंबरची बॅट पुरेल, की आता हॅरो घ्यावी लागेल?’