पोर्टलंडहून पत्र: दुमजली उचलपूल

तीर्थरूप बाबांना शि. सा. नमस्कार वि. वि.

पोर्टलंड शहराच्या मधून वाहणाऱ्या विलामेट नदीवरचा स्टील ब्रिज १९१२ मध्ये खुला झाला आणि अजून रोज कामावर आहे. रेल्वेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्यांनी याची नोंद घ्यावी. खालच्या मजल्यावरून मालगाड्या आणि सिएटलहून लॉस एंजलिसला जाणारी अॅमट्रॅकची गाडी धावते. वरून मोटारी आणि १९८६पासून मॅक्स ही शहरी रेल्वे. २००१ मध्ये खालीच रुळांलगत पायवाट झाली. तिथे शेजारून मालगाडी गेली की सूनबाई रामरक्षा म्हणतात आणि नातू डबे मोजतो.

उचलपुलाचा गाळा दोन मनोऱ्यांमध्ये सपाटच वर चढतो. पोलादी दोर कप्प्यांवरून जातात, त्यांच्या दुसऱ्या टोकांना गाळ्याला तोलणारी वजने असतात. त्यामुळे यंत्राला फारसा जोर लावावा लागत नाही. इथली करामत पुढे आहे. खालचा मजला ज्या उभ्या दांड्यांना टांगला आहे, त्या वरच्या मजल्याच्या पोकळ खांबांत सरकत जातात. म्हणून तो एकटाच उचलता येतो आणि जहाजाला पाण्यापासून ७२ फूट उंची मिळते. जहाज त्याहून उंच असेल तर दोन्ही मजले उचलून १६३ फुटांपर्यंत वाट देता येते. खालच्या मजल्याला आठ वजने, वरच्याला दोन.

पूल युनियन पॅसिफिक रेल्वेचा. वरचा मजला ओरेगन राज्याने भाडेपट्ट्याने घेतलेला. मालक खाली, भाडेकरू वर, आणि मालक उठला तरी भाडेकरूची झोपमोड होत नाही, हे गिरगावच्या चाळीत कोणाला पटणार नाही. वरचा मजला उठला, तर मात्र मॅक्स थांबते. त्या दिवशी ऑफिसात सांगितलेले उशिराचे कारण खरे असते. एरवीही तेच सांगितले जाते.

आराखडा कॅन्सस सिटीच्या वॅडेल आणि हॅरिंग्टन यांचा. याच नदीवरचा हॉथॉर्न हा १९१०चा उचलपूलही त्यांचाच. वॅडेल त्याआधी टोकियोत शिकवत होते, आणि शिकागोतला त्यांचा हॅल्स्टेड रस्त्यावरचा उचलपूल १८९४चा.

चालकाची खोली वरच्या गाळ्यालाच, रस्त्याच्या डोक्यावर टांगलेली आहे. तिथून नदी आणि रस्ता दोन्ही दिसतात. वरचा मजला उठला की चालकही खोलीसकट वर जातो. चहाची तल्लफ आली, तर जहाज जाईपर्यंत थांबायचे.

मातोश्रींस नमस्कार.

पोर्टलंडची मंडळी