पुढं चला, दाजी!

मुंबईदर्शनाचा पहिला मानकरी म्हणजे इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज. १९०५ मध्ये युवराज म्हणून आला, संग्रहालयाची कोनशिला बसवली आणि पुढच्या गावी गेला. १९११ मध्ये राजा होऊन आला, तर गेटवे ऑफ इंडियाचा पुठ्ठ्याचा नमुना दाखवून त्याची बोळवण झाली. संग्रहालय खुलं झालं १९२२ मध्ये, गेटवे पुरा झाला १९२४ मध्ये. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्यानं धड काहीच पाहिलं नाही. या राजाबद्दल मला कधी कणव वाटली नव्हती. गेल्या रविवारी सांगलीहून बायको, आत्या आणि मेहुण्याबरोबर मुंबई केली आणि वाटली.

मेहुण्यानं वेळापत्रक छापून आणलं होतं. पाच मिनिटं लघुशंकेसाठी राखीव, तीही सामुदायिक. सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सीएसएमटीला उतरलो. स्टेशनाची इमारतच जागतिक वारसा, म्हणून मान वर केली, तोच क्लोकरूमच्या रांगेतून हाक आली, “दाजी, ते जाताना बघू!”

गेटवेला पाठ करून आम्ही सगळे उभे राहिलो. त्याचं तोंड समुद्राकडं, आमचं मोबाइलकडं. बावीस फोटो निघाले. फोटोत आत्याचे डोळे मिटलेले आणि कमान अर्धी. संग्रहालय अजून उघडायचं होतं. फाटकातून घुमटाला नमस्कार केला आणि निघालो. म्हणजे राजाची आणि आमची बरोबरी झाली.

फॅशन स्ट्रीटला मात्र वेळापत्रक गळून पडलं. हिनं एक कुर्ता उचलला.

“कितने का?”

“आठ सौ.”

“दो सौ.”

विक्रेत्यानं छातीवर हात ठेवला. बोहनीची वेळ, घरची परिस्थिती, कापडाचा दर्जा सगळं सांगून झालं. ही दहा पावलं चालून गेली. मागून “बहेनजी, साढ़े तीन सौ!” आलं. हिच्या चेहऱ्यावर किल्ला सर केल्याचं तेज. त्या तेजापुढं आमच्या सांगलीत मारुती रोडला असाच कुर्ता अडीचशेला मिळतो, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

रविवार, म्हणजे मेगाब्लॉक. लोकलनं दादरला पोचलो तेव्हा आमचा घामाचा गोळा झाला होता. तरी आत्यानं रानडे रोडवर ‘ऑफर’मध्ये अर्धा किलो हळद घेतली. पुडा उलटून पाहिला. मागं लिहिलं होतं, ‘राजापुरी, सांगली’. आमची हळद तिकीट न काढता मुंबईला आली होती. आता आरक्षणाच्या डब्यातून परत निघाली.

मग नाटक. प्लाझासमोर शिवाजी मंदिर, दुपारचा प्रयोग, तिकिटं महिनाभर आधी काढलेली. आत्या पायऱ्या चढताना म्हणाली, “अरे, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते सांगलीत. आणि आपण नाटक बघायला इतक्या लांब?” मेहुणा म्हणाला, “आत्या, सोनं कुठंही निघू दे, दागिना मुंबईतच घडतो.” हळदीच्या पुड्याकडं बघत आत्या गप्प बसली.

तिसरी घंटा झाली, अंधार झाला, थंडगार हवा सुटली. दिवसभरात पहिल्यांदाच आम्ही एका जागी बसलो. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. पहिला अंक मेहुण्यानं घोरून काढला. मध्यंतरात बटाटेवड्यानं सगळे शुद्धीवर आले. दुसऱ्या अंकात नाटक असं रंगलं, की हिनं माझा दंड धरला. घराचे कागद नेमके कुणी जाळले, ते आता कळणार, धाकटी सून तोंड उघडणार, इतक्यात अंधारात मोबाइल उजळला.

“दाजी, उठा. सामान सीएसएमटीला आहे. गाडी चुकंल.”

रांगेतल्या सोळा गुडघ्यांची माफी मागत आम्ही बाहेर पडलो. दार लोटताना मागून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. रात्रभर डब्यात एकच वाद : धाकटी की थोरला? सीएसएमटी जाताना बघायचं होतं, हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

सकाळी सांगलीत रिक्षा भावे नाट्यमंदिरावरून निघाली. बाहेर फलक : तेच नाटक, तोच संच, येत्या रविवारी. तिकीट मुंबईपेक्षा स्वस्त.

मेहुण्यानं रिक्षा थांबवली. फलक वाचला, घड्याळ बघितलं, मनाशी हिशेब केला.

“दाजी, आपली शेवटची वीसच मिनिटं राहिलीत. तेवढ्यापुरतं सोडतात का, विचारून येऊ?”