फेडर शाबूत, अपडेट बेपत्ता

डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या खटपटीतून १९८३ साली मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणकांची सामाईक भाषा, आली. त्याच वर्षीचा यामाहा डीएक्स-७ हा सिंथेसायझर आजच्या संगणकाशीही पाच पिनांच्या केबलवरून मुकाट बोलतो. ना लॉगिन, ना पासवर्ड.

खोळंबा होतो तो नव्या पिढीचा. २०१९मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट सॉफ्टवेअरला घराबाहेर काढलं. संगणकावरचं मिक्सिंग हाताने चालवणाऱ्या कंट्रोलरचे फेडर (सरकत्या पट्ट्या) लोण्यासारखे सरकत होते, दिवे लुकलुकत होते. पण फर्मवेअर चढवणारं इवलंसं ॲप ३२-बिटांचं निघालं, की सगळंच मुसळ केरात. मग माळ्यावरचा जुना लॅपटॉप उतरवायचा, तोही निव्वळ अपडेटच्या विधीपुरता.

खरी गंमत प्रो टूल्स या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची. मॅकी कंपनीने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ह्यूई’ नावाचा कंट्रोलर काढला. यंत्राचं उत्पादन कधीच थांबलं, त्याची बोली मात्र उरली. त्यामुळे आजचे कित्येक कोरे करकरीत कंट्रोलर प्रो टूल्सच्या दारात गेले की गुमान ‘मी ह्यूई’ अशीच ओळख सांगतात. आत प्रवेशही मिळतो! फक्त एका तोतयाच्या वाट्याला आठच चॅनल. बत्तीस हवे असतील, तर चार तोतये उभे करायचे.