कॅमेऱ्याकडे बघत झाडाला पाणी घाला

माझ्या यूट्यूब चॅनेलला २१३ सबस्क्रायबर आहेत. त्यातले तीन म्हणजे माझी आई. एकदा स्वतःच्या फोनवरून, एकदा बाबांच्या, आणि एकदा पासवर्ड विसरल्यामुळे नव्याने. यूट्यूब जाहिरातीचे पैसे देतं ते एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास बघितलं गेल्यावर. मी हिशेब मांडलाय. माझा व्हिडिओ चार मिनिटांचा असतो. म्हणजे साठ हजार वेळा कुणीतरी तो पुढे न ढकलता शेवटपर्यंत बघायला हवा. सध्या लोक बावीस सेकंद टिकतात.

"आणि कॉलेजचं काय?" बाबा विचारतात. कॉलेजचंही तेच आहे, बाबा. तिथे ७५ टक्के वॉच टाइम भरावा लागतो, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. आणि लेक्चर पुढे ढकलता येत नाही.

नवी मुंबईत व्हिडिओ करणाऱ्याला विषय शोधावे लागत नाहीत. सिडकोने १९७० पासून सेक्टर आखून दिले, तसे विषयही आखलेलेच आहेत. फ्लेमिंगो, पाम बीच रोड, पावसाळ्यात लांबून पांडवकड्याचा धबधबा, मेट्रो. मी सगळे केले. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा मी पहिलीत होतो. १७ नोव्हेंबर २०२३ ला ती धावली तेव्हा एफवायला. फ्लेमिंगोंसाठी पहाटे खाडीवर गेलो, फोन झूम केला, चिखलावर गुलाबी ठिपके आले. आत्याने फोन करून विचारलं, "सुकट वाळत घातलीय का रे?" २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या स्टेडियममध्ये आपल्या मुली विश्वचषक जिंकत होत्या आणि मी बाहेर, तिकीट न मिळालेल्या लोकांच्या प्रतिक्रिया घेत होतो. तिकीट न मिळालेला माणूस कॅमेऱ्यापुढे काय बोलतो, ते चॅनेलवर टाकण्यासारखं नव्हतं.

चाललं ते एकच, आमच्या कॉलेजच्या लिफ्टचं. कॉलेज नेरुळ-बेलापूर पट्ट्यात आहे. पाम बीचच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही, मला अजून एक सेमिस्टर काढायचंय. आमचा मास मीडियाचा वर्ग सहाव्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर सेलोटेपने चिकटवलेला कागद: 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी. विद्यार्थ्यांनी जिना वापरावा. आरोग्यास हितकारक.' खाली सही आणि गोल शिक्का. त्या दिवशी वर्गातली एक मुलगी, पाय प्लास्टरमध्ये, १३२ पायऱ्या एकेक मोजत चढत होती. आणि कँटीनमधून स्टाफरूमला जाणारा चहा, सहा कप, बशा झाकलेल्या, लिफ्टने वर चालला होता. मी दोन्ही शूट केलं. ४१ सेकंद. चहा आधी पोचला.

अकरा हजार लोकांनी पाहिलं. तो शॉर्ट होता, आणि शॉर्ट्सच्या फीडमधले तास त्या चार हजारांत धरत नाहीत. पण प्राचार्यांच्या केबिनमधून बोलावणं आलं.

मला वाटलं, आता आयकार्ड काढून घेणार. सरांनी बसायला सांगितलं. (विद्यार्थ्याला त्या केबिनमध्ये बसायला सांगितलं की समजावं, प्रकरण गंभीर आहे.) "अरे, तुझ्यात टॅलेंट आहे," सर म्हणाले, "पण ते विधायक कामाला लाव." दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: माध्यम समितीचा विद्यार्थी समन्वयक, मी. नाराज आमदाराला महामंडळ देतात, तसं मला एक कॉलर माइक आणि आयकार्डला निळी दोरी मिळाली. आमदाराला गाडी तरी मिळते.

विधायक काम म्हणजे काय, ते जिओटॅगने कळलं. १९९४ साली स्थापन झालेली बेंगळुरूची नॅक ही संस्था महाविद्यालयांचं मूल्यांकन करते. नुसतं 'कार्यक्रम केला' म्हणून भागत नाही, पुरावा द्यावा लागतो. फोटो, त्यावर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. चांगली गोष्ट आहे. पूर्वी कोणीही काहीही लिहून द्यायचं. पण आमच्या कॉलेजने यातून असा शोध लावला, की फोटो असेल तर कार्यक्रमाची फार गरज उरत नाही.

वृक्षारोपणच घ्या. कडुलिंबाचं एकच रोप आम्ही तीनदा लावलं. पर्यावरण दिनाला, वनमहोत्सवाला, आणि एनएसएसच्या शिबिरात. तिसऱ्या वेळेपर्यंत त्याच्या मुळाची काळी पिशवी काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि ते बरंच होतं, उपटायला सोपं. खड्डाही तोच. पाच जणांनी मिळून एक झारी धरलेली, आणि मी ओरडतोय, "मॅडम, कॅमेऱ्याकडे बघत पाणी घाला!" सगळं पाणी एचओडी मॅडमच्या चपलांवर. फोटो मात्र सुंदर आला. लोकेशन अचूक.

सरांना मग ड्रोन शॉट हवा झाला. भाच्याच्या लग्नात पाहिला होता. मी सांगितलं, उलव्याला विमानतळ सुरू झालाय, त्याच्या आसपास ड्रोन उडवायला निर्बंध असतात. "आपलं शैक्षणिक कारण आहे, असं पत्र देऊ," सर म्हणाले. पत्र कुणाला द्यायचं यावर दोन बैठका झाल्या. दोन्हींचे जिओटॅग फोटो आहेत.

प्राचार्यांचा संदेशही मीच शूट केला. अकरा मिनिटं. मी हळूच सांगून पाहिलं, "सर, यूट्यूबवरचा पहिलावहिला व्हिडिओ १९ सेकंदांचा आहे. २३ एप्रिल २००५. संस्थापकांपैकी एक जण, जावेद करीम, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहतो, यांची सोंड लांब असते म्हणतो, संपलं." सरांनी विचार केला. "म्हणजे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं."

मध्यंतरी कॅम्पस रेडिओचीही हवा झाली. पुण्याच्या विद्यापीठाची विद्यावाणी आहे, आपलं का नसावं? मी नियम वाचून आलो आणि जड मनाने सांगितलं की सामुदायिक रेडिओवर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. केबिनमध्ये मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. "बातम्या नाहीत? मग तर काढायलाच हवा!" फाइल अजून फिरतेय.

आणि मग तपासणी समिती आली. आदल्या रात्री लिफ्टवरचा कागद निघाला. लिफ्टवाले मामा इस्त्रीच्या गणवेशात, "या, या बाळांनो" म्हणत दार धरून उभे. आम्हा सहा जणांना दिवसभर वर-खाली करायची ड्यूटी होती, हसतमुखाने, हातात वह्या. मला चक्कर यायला लागली. पायऱ्यांची सवय झालेली.

दुपारी एचओडी मॅडम घाईघाईने आल्या. 'दिव्यांगस्नेही परिसर' या मथळ्याखाली फोटोच नव्हता. त्यांनी त्या प्लास्टरवाल्या मुलीला शोधून काढलं. तिचं प्लास्टर निघून महिना झाला होता. ती धावत आली. मॅडम तिच्या पायाकडे बघत राहिल्या. "बाळा, तेवढं एकदा परत बांधता येईल का? फक्त फोटोपुरतं." प्लास्टर नाही जमलं, क्रेप बँडेज मिळालं, कुबड्या कुणाच्या तरी आजोबांच्या आल्या. ती लिफ्टमध्ये उभी राहिली, मामांनी बटण दाबल्यासारखं केलं, मी क्लिक केलं.

समितीची गाडी चारला गेटबाहेर पडली. मी सामान आवरत होतो तर मामा तोच कागद घेऊन आले, घड्या पडलेला, शिक्का थोडा पुसलेला. एका हातात सेलोटेप, दातांनी तोडायची तयारी. "दादा, जरा धर की वरून."

मी धरला. दुसऱ्या हातातला फोन अजून जिओटॅगच्या ॲपमध्ये होता, सवयीने बटण दाबलं गेलं. कागद एकदम सरळ आलाय. अक्षांश १९.०३, रेखांश ७३.०१, वेळ ४.२०. कोपऱ्यात धरलेला अंगठा माझा आहे.