बांबू, राजपुत्र आणि परवाना

१९९०चा डॉसवरचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आजच्या लॅपटॉपवर चालवायचा तर ‘डॉसबॉक्स’ लागतं. ते नव्याकोऱ्या यंत्राला म्हाताऱ्याचं सोंग घ्यायला लावतं आणि बिचारा राजपुत्र पुन्हा त्याच सुळ्यांवर पडून मरतो. सोंग फुकट मिळतं. पंचाईत आहे ती मालकीची. पैसे मोजून घेतलेला गेम तुमचा नसतोच, तुम्हाला मिळतो तो वापरण्याचा परवाना. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद केले आणि विकत घेतलेल्या गाड्या जागीच थिजल्या.

चंद्रपूर-गडचिरोलीकरांना याचं नवल वाटू नये. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा, पण तो बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा! एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे बांबू हलला. तसा बांबू मुळात गवत. पण १९२७च्या वन कायद्यानं त्याला २०१७पर्यंत झाड मानलं. एवढं लांबलेलं सोंग डॉसबॉक्सलाही वठवता आलेलं नाही.

गेमवाल्यांना ग्रामसभाच नाही. गेम सर्वांसाठी मुक्त व्हायला आपला कॉपीराइट कायदा कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं थांबायला सांगतो, आणि राजपुत्राचे कर्ते जॉर्डन मेकनर चांगले हयात आहेत. शतायुषी होवोत! आज आलापल्लीत लावलेला साग तोवर तोडीला येईल. त्याचाही वाहतूक परवाना लागेलच म्हणा.