सोशिकतेचा नमुना

नीतिमूल्यांवर बोलण्याचा माझा अधिकार निर्विवाद आहे; कारण सरकारी दफ्तरात उभी हयात काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला मूल्ये आचरण्याची नसली, तरी ती नोंदवहीत चढवण्याची सवय निश्चित असते. आमच्या सेक्टरातील ज्येष्ठ नागरिकांनी ‘सामान्य माणसाची सोशिकता’ या विषयावर व्याख्यानासाठी मला पाचारण केले, तेव्हा आश्चर्य वाटले ते एवढेच, की त्यांना इतका उशीर का झाला. विषय माझा, वाणी माझी, शालही मलाच मिळणार. उणीव होती ती एका सामान्य माणसाची, आणि तो वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात घाऊक भावाने मिळतो, अशी माझी समजूत होती.

तेथील माथाडी पन्नास किलोंची गोणी वाहतात. या पन्नास किलोंविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. कागदावर हा आकडा अगदी निरुपद्रवी दिसतो. असे कितीतरी आकडे मी एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात उचलून ठेवले आहेत आणि मला कधी घाम फुटलेला नाही. परंतु व्याख्यानाला अनुभूतीचा ओलावा यावा म्हणून मी घरातले गव्हाचे पंचवीस किलोंचे पोते, म्हणजे विहित भाराचा निम्मा हिस्सा, आसपास कोणी नाही असे पाहून पाठीवर घेतले. गुडघ्यांनी तत्काळ हरकत नोंदवली, कमरेने स्थगिती मागितली आणि मानेने तर कोणतीही पूर्वसूचना न देता राजीनामा दिला. कुटुंबाने धावत येऊन प्रथम पोते सावरले, मग मला; या अनुक्रमाबद्दल मी आजतागायत खुलासा मागितलेला नाही. शेजारच्यांना मात्र आम्ही ‘योगासन’ असे कळवले.

मान जागेवर आल्यावर बाजारात एका पाटणकडच्या माथाडीला गाठून मी विचारले, ‘‘एवढे कष्ट उपसूनही आपण समाधानी कसे राहता?’’

‘‘समाधानी हाय म्हणून कुणी सांगितलं तुमास्नी, काका? गोणी पन्नासच्या वर गेली, तर आमी हात लावत न्हाई.’’

माझ्या टिपणवहीत या उत्तरासाठी रकाना नव्हता. मग त्यानेच सांगितले, की टोळीतला एकजण कमरेने बसला आहे; त्याचा माल बाकीचे उचलतात आणि मजुरीच्या वाटणीत त्याचे नाव कायम आहे. मी ‘औदार्य’ हा शब्द लिहू लागताच तो म्हणाला, ‘‘त्यात कसलं मोठेपण! उद्या माझी कंबर हाय की.’’

मशीद बंदराच्या गोदामांत हमालाची मजुरी जेव्हा व्यापाऱ्याच्या मर्जीवर आणि मुकादमाच्या दानतीवर अवलंबून होती, तेव्हाही सोशिकता विपुलच होती. तिने कोणाला भविष्यनिर्वाह निधी दिला नाही. तो मिळाला पाटण तालुक्यातून येऊन स्वतः हमाली केलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माणसे संघटित केल्यावर, आणि १९६९ साली माथाडी कायदा होऊन मजुरीचा हिशेब माथाडी मंडळाच्या दप्तरी लागू लागल्यावर. ज्या गुणाची आरती ओवाळायला मी निघालो होतो, तो या माणसांनी वेळीच टाकून दिला, म्हणूनच त्यांचे संसार कोपरखैरणे-घणसोलीत उभे राहिले, याचा मला आधी संताप आला आणि मग संतापाचीच लाज वाटली. आमच्या इमारतीत ‘सामान वाहणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी आहे. माझ्या व्याख्यानाची सूचना नेमकी तिच्याखाली डकवली होती.

व्याख्यान मी दिले; मात्र सोशिकता वगळून माथाडी कायद्यावर बोललो, त्यामुळे निम्मे श्रोते झोपले आणि उरलेल्यांनी कांद्याचा भाव विचारला. शाल मिळाली.

वाचकांपैकी कोणी त्या बाजारात जाणार असेल, तर एवढेच सांगतो: ‘बाजूला व्हा’ अशी हाक ऐकू येताच जो काही विचार चालू असेल तो तसाच टाकून सरकावे, गोणीखालच्या माणसाला मान वळवता येत नाही.